उतारवयाचे रंग : कातडीवरचे आणि डोळ्यांतले

साठी उलटली की अंगावर नवे नवे रंग दिसू लागतात. हाताच्या पाठीवर तपकिरी ठिपके, नडगीवर पांढरे, छातीवर लाल तीळ, बुबुळाभोवती राखाडी कडं. घरात कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : वय झालं आता, असं व्हायचंच. बहुतेक वेळा हे उत्तर बरोबरही असतं. पण तेच उत्तर उपचाराने बऱ्या होणाऱ्या आणि अंगावर काढली तर जिवावर बेतणाऱ्या दुखण्यांनाही दिलं जातं. दुसरीकडे, ज्यांनी काहीएक बिघडत नाही अशा ठिपक्यांपायी घरं धास्तावतात आणि मलमांवर पैसे घालवतात. आपली भीती चुकीच्या जागी आहे, आणि निर्धास्तपणाही चुकीच्याच जागी. म्हणून हे रंग एकेक करून बघायला हवेत.

कातडीचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. ते तयार करणाऱ्या पेशी तिशीनंतर दर दशकात साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी होत जातात. त्यामुळे म्हातारपणी कातडी एकंदर फिकट, पातळ दिसू लागते. पण जिथे वर्षानुवर्षं ऊन लागलं तिथे उरलेल्या पेशी गोळा होऊन जास्त काम करतात. मूळ रंग उतरतो आणि त्यावर डाग गडद होतात, ते या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असल्यामुळे. हाताची पाठ, कपाळ, गाल, मानेची मागची बाजू या डागांच्या ठरलेल्या जागा. यकृताशी त्यांचा काही संबंध नाही. उन्हाचा किती संबंध आहे हे एका छायाचित्राने जगाला दाखवलं. अमेरिकेत २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या एका माणसाचा चेहरा २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. खिडकीकडचा डावा गाल जाडसर, खोल सुरकुत्यांचा. उजवा त्या मानाने कितीतरी तरुण. काच बंद असली तरी अतिनील ‘ए’ किरण तिच्यातून आत येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा एसटी किंवा ट्रकवर उभा जन्म काढलेल्यांनी आपला उजवा गाल आणि उजवा हात जरा निरखून पाहावा.

चामखिळी आणि मस हा पुढचा प्रकार. गालावर, डोळ्यांखाली, मानेवर बारीक काळे दाणे येतात. पाठीवर आणि छातीवर मेणाचा थेंब चिकटवल्यासारखे तपकिरी-काळे उंचवटे येतात. सावळ्या कातडीत ते फार आढळतात, बऱ्याचदा आईकडून किंवा वडिलांकडून येतात, आणि निरुपद्रवी असतात. आपल्याकडचा धोका त्यांच्यावरच्या घरगुती इलाजांत आहे. चुना आणि सोडा कालवून लावणं, घोड्याच्या शेपटीच्या केसाने गाठ मारणं हे उद्योग आजही होतात. चुना-सोड्याने कातडी जळते, व्रण कायमचा राहतो, आणि ती गाठ साधी चामखीळ नसून वेगळंच काही असेल तर तपासायला काही उरतच नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे हे काम काही मिनिटांचं असतं. मात्र काही आठवड्यांत अंगभर अशा मसांचं पीकच आलं, सोबत खाज आणि वजनात घट असली, तर पोटातल्या एखाद्या गाठीची शंका घेऊन तपासण्या करायला हव्यात.

छातीपोटावरचे लाल तीळ म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे पुंजके. ते वाढत्या वयाबरोबर वाढतात आणि त्यांना काही करावं लागत नाही.

जांभळ्या डागांपाशी मात्र थोडं थांबू. सत्तरी-ऐंशीतल्या आजींचा हात न्हाणीघराच्या कडीला नुसता घासतो. दुखत नाही, त्यांच्या लक्षातही राहत नाही. संध्याकाळी कोपराखाली रुपयाएवढा जांभळा-काळा डाग दिसतो आणि घरात प्रश्न सुरू होतात. पडलात का? कुणी हात धरून ओढलं का? साध्या मुक्या मारात साकळलेलं रक्त हिरवं, मग पिवळं होत जिरतं. हा डाग तसे रंग न बदलता आठवडा-दोन आठवडे जांभळाच राहतो आणि जाताना तपकिरी खूण ठेवून जातो. उन्हाने आणि वयाने कातडीखालचा आधार विरलेला असतो, त्यामुळे जराशा धक्क्याने बारीक रक्तवाहिनी फुटते. लंडनचे थॉमस बेटमन यांनी १८१८ साली याचं वर्णन केलं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड यांमुळे हे डाग वाढतात. पण म्हणून हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्या गोळीवाचून होणारं नुकसान या डागांपेक्षा फार मोठं आहे. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येत असेल, अंगभर बारीक लाल ठिपके उठत असतील, तर लगेच रक्ततपासणी करावी.

आणखी एक गोष्ट अवघड असली तरी बोललीच पाहिजे. वयाचे जांभळे डाग हाताच्या बाहेरच्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर येतात. ते दंडाच्या आतल्या अंगाला, मानेवर, कानामागे, मांडीवर, पाठीवर दिसले तर घरातल्या थोरल्यांना एकटं बसवून, सावकाश, काय झालं ते विचारावं. म्हाताऱ्या माणसांना मारहाण होते, आणि ती ‘वयाच्या डागां’मागे लपवली जाते.

पांढऱ्या ठिपक्यांनी घरांत जेवढी घालमेल होते तेवढी दुसऱ्या कशाने होत नाही. नडगीवर आणि हातांवर २ ते ५ मिलिमीटरचे, गुळगुळीत, तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके दिसतात, आणि घर हादरतं : कोड आलं. नातीचं लग्न ठरायचं असेल तर आजीने पूर्ण बाह्यांचं पोलकं घालावं असं सुचवलं जातं. हे ठिपके कोड नव्हेत. वय आणि ऊन यांमुळे तिथल्या रंगपेशी विझतात, इतकंच. ते एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, पसरत नाहीत, आणि त्यांवर औषधाची गरज नसते. कोडाचे चट्टे दुधासारखे पांढरे, मोठे होत जाणारे, ओठ-बोटं-डोळ्यांभोवती सुरू होणारे असतात. कोडही स्पर्शाने पसरत नाही, त्यालाही आता उपचार आहेत. घाबरायचंच असेल तर फिकट, कोरड्या, बधिर चट्ट्याला घाबरावं. चट्ट्यावर टोचलं, चटका बसला तरी कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. विदर्भातल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे आजही हे रुग्ण सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि वेळेत घेतलं तर हातापायांची बोटं वाचतात.

कित्येक रंग वय आणत नाही, ते आपणच अंगावर आणतो. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदात ब्युटिलफिनॉल गटातलं रसायन असलं तर ते रंगपेशी मारतं आणि कपाळावर बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग राहतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर तसाच पट्टा उमटतो. रासायनिक कुंकवाने उलटं होतं : कपाळ काळवंडतं. केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन, जे काळ्या मेंदीतही घातलं जातं, कानशिलं, कपाळ आणि मान यांवर पाटीच्या रंगाची काळसर छटा आणतं. खाज बेताची किंवा नसतेच, आणि डाय तर १५ वर्षं लावतोय, म्हणून त्याच्यावर संशयच जात नाही. अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी यावी असा काही नियम नाही. व्हिएन्नाचे गुस्टाव्ह रील यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, चेहऱ्याच्या अशा काळवंडण्याची नोंद केली होती.

मग नायलॉनची घासणी. पाठीवर आणि दंडांवर लहरी उमटल्यासारखा काळसर रंग दिसतो. तो मळ समजून बाई आणखी जोरात घासते आणि रंग आणखी गडद होतो. इलाज एकच, घासणी टाकून द्यायची. गुडघ्यांना, कमरेला रोज गरम पाण्याची पिशवी लावणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखी तपकिरी नक्षी येते. शेक कमी केला की ती बऱ्याच अंशी फिकी पडते. काश्मीरमध्ये फिरन या सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांना अशाच जागी पुढे कर्करोग झाल्याची वर्णनं वैद्यकात जुनी आहेत. कंबर सहा महिने शेकूनही दुखत असेल तर कमरेचा एक्स-रे काढलेला बरा.

घोट्याच्या आतल्या बाजूला, पोटरीच्या खालच्या भागात तपकिरी-काळा पट्टा, सूज, खाज दिसली की ते शिरांचं दुखणं. शिरांमधल्या झडपा सैल पडतात, रक्त वर चढत नाही, खाली साचून पाझरतं आणि त्यातलं लोह कातडीत बसतं. आयुष्यभर उभं राहून काम केलेले शिक्षक, न्हावी, वाहतूक पोलीस, कंडक्टर, पोळ्या लाटून संसार ओढलेल्या बायका, यांच्या पायांवर हा पट्टा दिसतो. तिथे खाजवून झालेली जखम महिनोन् महिने भरत नाही. पाय उंच ठेवणं, चालणं आणि घट्ट मोजे हे उपाय चांगले आहेत. पण मधुमेह असलेल्या किंवा तंबाखू-विडी ओढलेल्या माणसाने मोज्यांआधी पायाच्या रोहिणीतला रक्तप्रवाह तपासून घ्यावा. तिथे आधीच रक्त कमी पोचत असेल तर घट्ट मोजा घात करतो.

काही रंग आतल्या बिघाडाची खबर देतात. मानेवर आणि काखेत मखमलीसारखी जाड, काळी कातडी इन्शुलिन नीट काम करत नसल्याचं सांगते. मळ म्हणून ती घासू नये, रक्तातली साखर तपासावी. तीच उतारवयात एकाएकी आली, वजन घटत असेल, तळहातही जाड झाले असतील, तर जठराची तपासणी हवी. बोटांच्या पेरांवरचे सांधे काळे पडले असतील तर बी-१२ पाहावं. शाकाहारी मराठी घरांत ही कमतरता भरपूर आहे. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीसाठी वर्षानुवर्षं पँटोप्राझोलसारख्या गोळ्या चालू असल्या तर ती वाढते. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा ही तिची सोबत, आणि तीही ‘वया’च्याच खात्यावर मांडली जाते. इंजेक्शनं किंवा गोळ्यांनी बोटांचा रंग काही महिन्यांत उजळतो. मज्जातंतूंचं नुकसान फार पुढे गेलं असेल तर ते पूर्ण भरून येत नाही. हिरड्या, तळहाताच्या रेषा आणि जुने व्रण काळे होत असतील, अशक्तपणा असेल, उभं राहिलं की चक्कर येत असेल, तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्याचा संशय घ्यावा. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली हा आजार मांडला. आपल्या देशात त्याच्यामागे क्षयरोग असू शकतो.

कर्करोगाबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे : सावळ्या कातडीला तो होत नाही. गोऱ्या लोकांच्या मानाने फार कमी होतो हे खरं. पण जो होतो तो वेगळ्या जागी आणि वेगळ्या रूपात, म्हणून निसटतो. नाकाजवळ, डोळ्याच्या कडेला काळा, चकचकीत मणी. त्यावर खपली धरते, पडते, पुन्हा धरते. हा हळू वाढतो आणि वेळेत काढला तर पूर्ण बरा होतो. मेलॅनोमा हा घातक प्रकार आपल्यात तळपायावर, तळहातावर, नखाखाली उगवतो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तो सापडला. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. म्हाताऱ्या माणसाला वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही आणि आपली पाठ कुणालाच दिसत नाही. तेल लावताना, मोजे चढवताना घरातल्या कुणीतरी तिथे नजर टाकायला हवी. वेडावाकडा, दोन-तीन रंगांचा, वाढणारा, रक्त येणारा डाग असेल किंवा नखात नवा काळा पट्टा असेल, तर तुकडा काढून तपासावा.

हे रुग्ण निसटतात त्याला वैद्यकाचं शिक्षणही कारण आहे. पुस्तकांतली बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीची. तिथे ‘लाल’ म्हणून शिकवलेला पुरळ आपल्या अंगावर जांभळा किंवा राखाडी दिसतो. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये शिकणाऱ्या मलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याने २०२० मध्ये ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका काढली, गडद कातडीवर लक्षणं कशी दिसतात हे दाखवणारी. एका विद्यार्थ्याला हे करावं लागलं, यातच सगळं आलं. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत रोज हजारो सावळी माणसं येतात. मराठीतून, आपल्या कातडीची, अशी चित्रपुस्तिका निघायला हरकत कसली?

डाग घालवणाऱ्या मलमांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण असलेली मलमं वांगासाठी डॉक्टर थोडे आठवडे देतात. पण ती औषधाच्या दुकानातून आणून वर्षानुवर्षं लावली जातात. आधीच पातळ झालेली म्हातारी कातडी स्टेरॉइडने आणखी विरते आणि हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर चेहऱ्यावर निळसर-काळा रंग कायमचा बसतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री थांबवण्यासाठी नियम बदलला, तरी ती सर्रास मिळतात. नाव-गाव नसलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण सापडले. वयाच्या डागांना टोपी, छत्री, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन एवढं पुरतं. लेसर करायचाच असेल तर गव्हाळ-सावळ्या कातडीचा अनुभव असलेल्या हातून करावा, कारण आपल्या कातडीवर लेसरनंतर डाग अधिक काळा होण्याची भीती असते.

आता डोळे. बुबुळाच्या कडेने येणारं राखाडी-पांढरट कडं म्हणजे चरबीचा थर. नजरेला त्याने काही होत नाही. चाळिशीच्या आत दिसलं तर कोलेस्टेरॉल तपासावं, सत्तरीत ते केसांच्या पांढरेपणाइतकंच नेहमीचं. पापण्यांवरच्या पिवळ्या चकत्यांचं तसं नाही. कोपनहेगनमध्ये सुमारे १३ हजार लोकांवर तीसेक वर्षं नजर ठेवली गेली. २०११ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की पिवळ्या चकत्या असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता, अगदी कोलेस्टेरॉल जमेस धरूनही. बुबुळाच्या कड्याने तो धोका वाढलेला दिसला नाही. चकत्या दिसायला किरकोळ म्हणून सोडू नयेत.

डोळ्याच्या पांढऱ्या भागात एका रात्रीत लालभडक डाग आला की माणूस घाबरतो. दुखत नसेल, नजर ठीक असेल, तर तो एक-दोन आठवड्यांत जिरतो. तेवढ्यात रक्तदाब मोजून घ्यावा. शेतकरी, कोळी, रस्त्यावर काम करणारे यांच्या डोळ्यात मांस वाढतं ते ऊन, वारा आणि धूळ यांमुळे. ते बुबुळावर चढू लागलं तर काढावं लागतं. दोन्ही डोळ्यांत लहानपणापासून असलेल्या तपकिरी छटा आपल्या रंगाचाच भाग आहेत. एकाच डोळ्यात, मोठेपणी, नवा आणि वाढणारा तपकिरी डाग आला तर तो नेत्रतज्ज्ञाला दाखवावा. औषधंही रंग बदलतात. काचबिंदूचे लॅटानोप्रोस्टसारखे थेंब पापणी काळवंडवतात आणि पापणीचे केस वाढवतात. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अ‍ॅमिओडॅरोन चेहऱ्यावर निळसर करडी छटा आणतं. डॉक्टरकडे जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या आणि थेंबांच्या बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात.

मोतीबिंदू हा सुद्धा रंगाचाच बदल. डोळ्यातलं भिंग वर्षागणिक पिवळं, मग तपकिरी होतं आणि निळा प्रकाश अडवतं. निळी आणि काळी टोपी ओळखता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे गोळ्या रंगावरून ओळखणारे आजोबा सकाळची गोळी रात्री घेतात. हा बदल इतका सावकाश होतो की ज्याचा डोळा त्याला पत्ता लागत नाही. चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं. पुढच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत तांबडा-तपकिरी रंग दाटत गेला, आणि १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर जग फार निळं दिसतं अशी त्यांची तक्रार होती. आपल्याकडेही पट्टी निघाली की हेच ऐकू येतं. बाई स्वतःच्या पदराकडे बघत राहते. हा पिवळा नव्हे, पांढरा आहे, हे तिला नव्याने कळतं. मग ती एक डोळा झाकून, दुसरा झाकून, पुन्हा पुन्हा पडताळून बघते.

‘अजून पिकला नाही’ म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचे दिवस गेले. जुन्या पद्धतीत ते ठीक होतं. आताच्या पद्धतीत भिंग फार कडक आणि काळं झालं तर उलट काम अवघड होतं. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंध व्यक्तींपैकी सुमारे ६६ टक्क्यांचं कारण मोतीबिंदू होतं. बऱ्या होणाऱ्या कारणाने एवढी माणसं अंधारात बसलेली असणं मला फार लागतं.

राहिला पिवळा रंग, आणि त्यात वेळ दवडता येत नाही. वयस्कर डोळ्यांचा पांढरा भाग जरा मातकट होतो. तो मातकटपणा पापण्यांमधल्या उघड्या भागातच असतो. खालची पापणी ओढून पाहिलं आणि झाकलेला भागही सारखाच पिवळा दिसला, तर ती कावीळ. दिवसाच्या उजेडात बघावं, पिवळ्या दिव्याखाली ती लपते. रक्तातलं बिलिरुबिन साधारण २ ते ३ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की ती डोळ्यांत दिसू लागते. पपई-गाजर फार खाल्ल्याने तळहात पिवळे होतात, पण तेव्हा डोळे पांढरेच राहतात.

तरुणाची कावीळ बहुधा विषाणूची असते आणि बरेचदा आपसूक उतरते. झाडपाल्याच्या औषधाचा, नाकात सोडायच्या थेंबांचा आणि काविळीच्या माळेचा लौकिक त्याच उताऱ्यावर उभा आहे. ती माळ वाढते कारण दोऱ्यात गुंफलेल्या काड्या सुकतात आणि गाठी सैल होतात. खुंटीला अडकवली तरी वाढते. साठीपुढच्या माणसाची न दुखणारी, रोज चढत जाणारी कावीळ वेगळी. अंगाला खाज, लघवी गडद, शौचाचा रंग मातीसारखा फिका आणि वजनात घट असली, तर पित्ताची वाट खड्याने किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने अडलेली असू शकते. खडा असला तर तो काढता येतो. गाठ असली तर शस्त्रक्रिया होईल की नाही हे ती किती लवकर सापडली यावर ठरतं, आणि तशी नाही झाली तरी पित्तनलिकेत नळी बसवून खाज आणि कावीळ उतरवता येते. माळ घालून पथ्य करत काढलेला महिना-दीड महिना नेमका इथे महागात पडतो. डोळे पिवळे दिसल्या दिवशीच रक्त द्यावं आणि त्याच आठवड्यात पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.